आंधळ्याचे कान आणि गलका

"आंधळ्या माणसाला लांबचं ऐकू येतं," असे पुष्कळ लोक म्हणतात. कोणी म्हणतो, "देवानं डोळे नेले, पण कान दुप्पट दिले." कोणी सांगतो, "आमच्या आळीतला आंधळा म्हातारा नुसत्या पावलांवरून माणूस ओळखतो." हे बोलणे वसईच्या बाजारात ऐकाल, विरारच्या गाडीत ऐकाल, गावच्या पारावरही ऐकाल.

यात खरे किती आणि ऐकीव किती?

प्रश्न गमतीचा वाटतो, पण तो गमतीचा नाही. 'त्याला सगळं ऐकू येतं' असे आपण धरून चालतो. मग भर गर्दीत अंध माणसाला एकटे सोडतो. पाठीमागून गाडी येते, त्याला कळले असेल असे समजतो. आणि कधीकधी त्याला कळलेले नसते. म्हणून ही गोष्ट जरा नीट समजून घेऊ.

आधी आपलीच एक जुनी म्हण पाहा. 'आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं.' कष्ट एकाचे आणि लाभ दुसऱ्याचा, असा तिचा अर्थ आपण करतो. पण म्हणीतले चित्र डोळ्यांपुढे आणा. बाई जात्यावर बसली आहे. तिला दिसत नाही. पण कान तर शाबूत आहेत ना? मग कुत्रे आले हे तिला कळत कसे नाही?

कारण जाते घरघरते आहे!

घर शांत असते तर कुत्र्याच्या नखांचा आवाज तिला उंबऱ्यापाशीच ऐकू आला असता. जिभेची लपलप तर नक्कीच ऐकू आली असती. जात्याच्या घरघरीने ते बारीक आवाज झाकून टाकले. ज्याने कोणी ही म्हण पाडली त्याची नजर मोठी बारीक होती, असे मला वाटते. अंध माणसाची सारी अडचण त्याने एका ओळीत सांगितली. अडचण नुसत्या अंधाराची नाही, गलक्याचीही आहे.

आता कानाकडे वळू. कानाचा बाहेरचा भाग आपल्याला दिसतो. त्याच्या आत नळी आहे. नळीच्या टोकाला पातळ पडदा आहे. आवाज आला की पडदा थरथरतो. पडद्यामागे तीन इवलीशी हाडे आहेत. ती ही थरथर आत पोचवतात. अगदी आत गोगलगाईच्या शंखासारखा एक भाग आहे. त्यात केसाळ टोकांच्या सुमारे १५ हजार पेशी असतात. त्या हलल्या की मेंदूला निरोप जातो. मग आपण म्हणतो, 'ऐकू आलं.'

अंध माणसाचा कान असाच असतो. पडदा तोच, हाडे तीच, पेशी तितक्याच. अगदी बारीक आवाज कुणाला ऐकू येतो, अशी तपासणी केली तर डोळस आणि अंध माणसांत फारसा फरक सापडत नाही. म्हणजे 'दुप्पट कान' ही गोष्ट खरी नाही.

मग तो म्हातारा पावलांवरून माणूस कसा ओळखतो? तर कानाने आणलेला निरोप मेंदू कसा वाचतो, त्यात फरक पडतो. तुम्ही नुकतेच वाचायला शिकला आहात. कागदावरची अक्षरे तुम्हाला आधीही दिसत होतीच. डोळे तेच होते. पण आता त्या अक्षरांतून अर्थ निघतो. अंध माणूस आवाज असाच वाचायला शिकतो. दिवसभर, वर्षानुवर्षे तो हाच अभ्यास करतो. कुणाची चप्पल घासते, कोण एका पायावर जोर देतो, हे आपण ऐकतो आणि सोडून देतो. तो सोडून देत नाही.

आणखी एक नवलाची गोष्ट आहे. आपल्या मेंदूत पाहण्याचे काम करणारा भाग डोक्याच्या मागच्या बाजूला असतो. जो जन्मापासून किंवा लहानपणीच अंध झाला, त्याच्या या भागाला डोळ्यांकडून काम येत नाही. मग तो भाग रिकामा बसतो का? नाही. पडीक जमीन शेजाऱ्याने कसायला घ्यावी तसे होते. ऐकणे आणि स्पर्श ही कामे त्या जागेत शिरतात.

कॅनडा देशातल्या माँट्रियल शहरात संशोधकांनी याची परीक्षा घेतली. १९९८ साली त्यांनी काही माणसांचा एक कान बंद केला आणि आवाज कुठून येतो ते ओळखायला सांगितले. एका कानाने दिशा ओळखणे फार कठीण असते. पण लहानपणापासून अंध असलेल्या काही जणांनी ते डोळस माणसांपेक्षा चांगले करून दाखवले. सगळ्यांनी नव्हे, काही जणांनी. पुढे २००४ साली त्याच शहरात सुरांची परीक्षा झाली. दोन सुरांतला कोणता उंच, हे ओळखायचे होते. लहानपणी अंध झालेले पुढे निघाले. मोठेपणी दृष्टी गेलेले मात्र डोळस माणसांच्या बरोबरीनेच राहिले.

ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आपल्या घरात ज्यांची दृष्टी जाते ते बहुतेक म्हातारपणी. साठी-सत्तरीत दृष्टी गेली तर कान आपोआप तीक्ष्ण होत नाहीत. उलट त्या वयात कानही मंद होत आलेले असतात. म्हणजे आजोबांचे दोन्हीकडून नुकसान. त्यातच घरची माणसे म्हणतात, "दिसत नाही म्हणून काय झालं, ऐकू तर येतं ना!" आजोबांना येत नसते आणि ते बिचारे गप्प बसतात. (मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रियेने पुन्हा दिसू लागते. आधी तेवढे तपासून घ्यावे.)

अंध माणूस भिंतीवर आपटण्याआधीच थांबतो, हे तुम्ही पाहिले असेल. त्याला विचारले तर पुष्कळदा तो सांगतो, "तोंडावर काहीतरी आल्यासारखं वाटतं." लोकांनाही वाटे की अंधांच्या चेहऱ्याच्या कातडीला काही वेगळी जाणीव असते. १९४४ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी याचा छडा लावला. त्यांतला एक संशोधक, मायकेल सुपा, स्वतः अंध होता. त्यांनी अंध माणसांना आणि डोळे बांधलेल्या डोळस माणसांना एका आडव्या फळीकडे चालत जायला सांगितले. चेहरा कापडाने झाकला तरी ती माणसे फळीपाशी थांबत. पण कान बंद केले की थेट फळीवर आदळत! म्हणजे काम चेहऱ्याचे नव्हते, कानाचे होते. पावलांचा आवाज फळीवर आपटून परत येतो. तो प्रतिध्वनी इतका बारीक असतो की आपण ऐकतो आहोत हे ऐकणाऱ्यालाही उमगत नाही.

त्यांनी आणखी एक युक्ती केली. कान बंद न करता कानांत एकसारखा सूर वाजत ठेवला. तेव्हाही ती माणसे फळीवर आदळली. फळी जागच्या जागीच होती. नुसत्या सुराने ती नाहीशी झाली!

घरी करून पाहा. डोळे मिटा. तोंडाने 'शऽऽऽ' असा आवाज लांबवा. तो चालू असताना एक थाळी तोंडासमोर आणा आणि पुन्हा दूर न्या. आवाज बदललेला कळेल. आता शेजारी कोणाला तरी रेडिओ मोठ्याने लावायला सांगा आणि पुन्हा तसेच करा. थाळीचा पत्ता लागणार नाही. तुम्हाला आहेत तेच कान अंध माणसालाही आहेत. त्याचा सराव जास्त एवढेच.

आता गलक्यात माणसाचे बोलणे आपल्याला कळते तरी कसे, ते पाहू. लग्नाच्या मांडवात वाजंत्री वाजते, पन्नास माणसे बोलतात, तरी आपण शेजाऱ्याशी गप्पा मारतो. १९५३ साली इंग्लंडच्या कॉलिन चेरी नावाच्या संशोधकाने या कोड्यात हात घातला. तेव्हापासून पुष्कळांनी त्यावर काम केले. त्यातून ठळक असे जे निघाले ते थोडक्यात सांगतो.

एक तर आपल्याला कान दोन आहेत. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानात आधी पोचतो, डाव्या कानात मग. हे अंतर किती? एका सेकंदाचे दीड हजार भाग करा. त्यातला फार तर एक भाग! एवढ्या फरकावरून मेंदू दिशा ओळखतो. शिवाय डोके मध्ये आडवे येते, म्हणून पलीकडच्या कानात आवाज थोडा कमी जातो. दिशा कळली की मेंदू एका बाजूचा आवाज धरतो आणि बाकीचा मागे टाकतो.

दुसरे, बोलण्यातले काही शब्द बुडाले तरी आपण ते अंदाजाने भरून काढतो. "आज बाजारात बोंबील महाग..." एवढे ऐकले की पुढचे 'आहे' ऐकू आले नाही तरी चालते.

आणि तिसरे म्हणजे डोळे! हे आपल्या लक्षातच येत नाही. समोरच्याचे ओठ हलतात ते आपण पाहत असतो. १९५४ साली अमेरिकेत दोन संशोधकांनी दाखवून दिले की गोंगाट जितका वाढतो तितकी ओठ पाहण्याची मदत जास्त होते. तुम्हाला याचा अनुभव आहे. २०२० साली कोरोनाची साथ आली आणि सगळ्यांनी तोंडाला मास्क बांधला. तेव्हा दुकानात किती वेळा "काय म्हणालात?" असे विचारावे लागले, आठवते ना? मास्कने आवाज दबत होता हे खरे. पण ओठही झाकले गेले होते.

म्हणजे गलक्यात आपण डोळस माणसे अर्धे कानाने आणि अर्धे डोळ्याने ऐकतो. पाचूबंदरला होडी किनाऱ्याला लागते, इंजिन धडधडत असते, तरी खलाशी एकमेकांचे बोलणे समजतात. ओठ दिसतात, हात दिसतात. अंध माणसाला ही मदत नाही. त्याला सारे कानानेच करावे लागते. तरीही गोंगाटातले बोलणे ओळखण्याच्या काही चाचण्यांत अंध माणसे डोळस माणसांच्या थोडी पुढे निघाली आहेत. काही चाचण्यांत ती बरोबरीने राहिली. मात्र या चाचण्यांत बोलणाऱ्याचे तोंड डोळस माणसांनाही दाखवत नाहीत. फलाटावर ते दिसते. तिथे डोळस माणूस पुढे जातो.

गोंगाटात आणखी एक उणेपण येते. २००१ साली नेदरलँड्स देशात जन्मापासून अंध असलेल्या माणसांची परीक्षा झाली. आवाज वरून आला की खालून, हे त्यांना शांत खोलीत डोळस माणसांइतकेच चांगले कळले. मागे गोंगाट सुरू केला तेव्हा मात्र ती मागे पडली. वर-खाली ओळखायला कानाला लहानपणी डोळ्यांची शिकवण लागते, असे त्या संशोधकांना वाटते.

अंध खेळाडूंचे क्रिकेट पाहिले आहे का? त्यांचा चेंडू कठीण प्लास्टिकचा असतो. आत छर्रे असतात. चेंडू घरंगळला की खुळखुळतो. गोलंदाज आधी विचारतो, 'तयार?' फलंदाज होकार देतो. मग गोलंदाज खेळ म्हणून ओरडतो आणि हात खाली ठेवून चेंडू टाकतो. फलंदाज खुळखुळ्यावरून चेंडू मारतो. आपल्या भारताच्या अंध संघाने २०१४ साली दक्षिण आफ्रिकेत आणि २०१८ साली शारजात विश्वचषक जिंकला. पण या खेळात प्रेक्षकांनी एक शिस्त पाळायची असते. चेंडू चालू असताना गप्प बसायचे. टाळ्या नंतर. प्रेक्षक ओरडले तर विश्वचषक जिंकणाऱ्यालाही चेंडू सापडणार नाही.

रेल्वेच्या फलाटावर कोण गप्प बसणार?

विरारहून मुंबईला पहिली लोकल १८६७ सालच्या एप्रिल महिन्यात सुटली. तेव्हा दिवसाला एक गाडी होती. आज सकाळच्या वेळी नालासोपाऱ्याच्या किंवा वसई रोडच्या फलाटावर उभे राहून पाहा. एक गाडी येते, दुसरी धडधडत निघून जाते. वर भोंगा गाड्यांची नावे सांगतो. विक्रेते ओरडतात. कोणी फोनवर गाणे लावतो. पत्र्याच्या छपराखाली सारे आवाज घुमतात.

समजा, इथे एक अंध प्रवासी उभा आहे. शांत वेळी त्याला पुष्कळ कळते. फलाटाची कड कुठे आहे ते काठीने आणि पायाखालच्या उठावाच्या फरशीने कळते. गाडी कोणत्या रुळावर येते ते कानाने कळते. अपंगांचा डबा जिथे थांबतो तिथे काही फलाटांवर 'टुंग टुंग' वाजणारे यंत्र लावले आहे. त्या आवाजाच्या धाग्याने तो नेमक्या जागी पोचतो. दोन्ही रुळांवर एकदम गाड्या आल्या की मात्र यंत्राचा आवाज बुडतो. कुठली गाडी आपली ते समजत नाही. खांबाचा प्रतिध्वनी बुडतो, काठीचा टकटक आवाजही बुडतो. धुके पडल्यावर गाडीवानाची जी गत होते, तीच त्याची होते. अशा वेळी तो जागच्या जागी थांबतो. लोकांना वाटते, हा वाटेत का उभा राहिला? मागून धक्का बसतो. अनुभवी माणूस अशा वेळी थांबतो, कारण थांबणेच शहाणपणाचे असते. त्याला ढकलू नये.

मदत करायची असेल तर कशी करावी? पुष्कळ जण दुरून ओरडतात, "ओ काका, इकडे या, इकडे!" 'इकडे' म्हणजे कुठे? गलक्यात त्याला दिशा कळत नाही. हा आवाज आपल्याला आहे की दुसऱ्या कुणाला, हेही कळत नाही. जवळ जावे. दंडाला हलकासा स्पर्श करावा. कानाजवळ, पण ओरडून नव्हे, सावकाश बोलावे. ओरडले की शब्द फाटतात आणि कमीच कळतात. "काका, मदत हवी का? गाडी तुमच्या उजव्या हाताला लागली आहे," असे नेमके सांगावे. हवी म्हणाले तर आपले कोपर पुढे करावे. ते कोपराच्या वर धरतील आणि अर्धे पाऊल मागून चालतील. त्यांचा हात धरून ओढू नये, काठी तर मुळीच धरू नये. आणि निघताना "येतो मी" एवढे सांगावे. गोंगाटात तुमची पावले ऐकू येत नाहीत. तुम्ही न बोलता गेलात तर तो माणूस हवेशी बोलत राहतो. लोक हसतात. हे फार वाईट दिसते.

रस्त्यावर आता उलटाच एक प्रकार सुरू झाला आहे. विजेवर चालणाऱ्या रिक्षा आणि स्कूटर आल्या. धूर नाही, चांगले आहे. पण त्यांचा आवाज फार थोडा. जुनी रिक्षा फटफटत यायची, ती दुरून कळायची. ही अंगाशी आली तरी कळत नाही. त्यातून शेजारी मोठा ट्रक उभा असेल तर संपलेच. अशी गाडी चालवणाऱ्याने पांढरी काठी दिसली की वेग कमी करावा आणि हलका भोंगा एकदाच वाजवावा. कर्कश भोंगा लांबवला तर माणूस दचकतो आणि भलत्याच बाजूला पाऊल टाकतो.

मांडवातला भोंगा आणि मिरवणुकीतली ती भिंतीएवढी ध्वनियंत्रे यांच्याबद्दल मला थोडे कडक बोलायचे आहे. कानातल्या त्या १५ हजार पेशी मी वर सांगितल्या. मोठ्या आवाजाने त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. डोळस माणसाचे त्यात नुकसान होते. अंध माणसाचे तर कानच डोळे. २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर भोंगा लावायला बंदी आहे. सणावाराचे मोजके दिवस सरकार थोडी सवलत देते. नियम सगळ्यांना ठाऊक आहे, पण 'आपल्याच आळीचा गणपती' म्हटले की कोणी बोलत नाही. दोन दिवस मिरवणूक चालली की आळीतला अंध माणूस दोन दिवस घराबाहेर पडत नाही, हे आयोजकांच्या ध्यानातही येत नाही. जाऊन सांगितले तर पुष्कळ मंडळी ऐकतात, असेही आहे.

ज्या घरी अंध मूल आहे त्या आईबापांनी मुलाचा कान जपावा. कान फुटला, पू आला, तर कानात तेल घालत बसू नये. लगेच दवाखान्यात न्यावे. वर्षातून एकदा कान तपासून घ्यावेत. मूल टाळ्या वाजवत, जीभ टाळूला लावून 'टक टक' करत फिरत असेल तर त्याला रागावू नये. ते खेळत नसते, भिंती शोधत असते. त्याच्याशी बोलताना घरातला टीव्ही बंद ठेवावा.

आजकाल पुष्कळ अंध माणसे फोन वापरतात. फोन पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो, तोही इतक्या भरभर की आपल्याला नुसता किलबिलाट वाटतो. सराव झालेल्याला तो कळतो. गाडीत मात्र गलका असतो, म्हणून कानात यंत्र घालावे लागते. जाणता माणूस ते एकाच कानात घालतो. दुसरा कान तो गाडीसाठी मोकळा ठेवतो.

त्या कानाला काय ऐकू येते? विरारहून गाडी सुटली. नालासोपारा, वसई रोड, नायगाव झाले. पुढे खाडी लागते. गाडी पुलावर चढली की चाकांचा आवाज एकदम पोकळ होतो. मग पाणजू बेटाची जमीन लागते आणि आवाज पुन्हा भरीव होतो. मग दुसरा पूल. रोजच्या अंध प्रवाशाला यावरून कळते की आता भाईंदर येणार. डब्यात भजन किंवा भांडण रंगले की हा आवाजही बुडतो. तेव्हा शेजारी बसलेल्याने एवढेच करावे: स्टेशन आले की नाव घ्यावे. "भाईंदर आलं, काका. दार डाव्या हाताला," किंवा ज्या बाजूला असेल ती बाजू.